भविष्यकाळी वाक्य

इटलीतल्या त्रिएस्ते शहरातला फुल्वियो कादंबरी हाताने लिहायचा आणि त्याची बायको ओंदिना ती टाइप करायची. नायकाने बायकोची बोटं दारात चिरडली, हे पान तिने सुजलेल्या बोटांनीच टाइप केलं होतं. आधी घरात घडायचं, मग कागदावर उतरायचं. म्हणून सगळं भूतकाळात असायचं. आज मात्र वाक्य होतं, ‘तो मुलीचं डोकं पाण्याखाली दाबून धरेल.’ “हा भविष्यकाळ कशाला?” तिने विचारलं. “निष्कारण केलेलं कृत्य हेच खरं स्वातंत्र्य, बाईसाहेब! तुम्ही अक्षरं बडवा, तत्त्वज्ञान आमच्याकडे राहू द्या,” तो हसला. न्हाणीघरातून लेक ओरडली, “पप्पा, पाठ चोळायला ये ना!” बाह्या सरसावत तो उठला. ओंदिनाने शेगडीवरची उकळती कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. चेहरा धरून तो कोसळला. “सटवे, मी केलं काय?” त्याला ओलांडत ती म्हणाली, “अजून काहीच नाही.”