समदी चित्रं

२००३ साली आमच्या शिक्रापूरच्या घरी, जुन्या कॉम्प्युटरवर लेकीचा, दीक्षाचा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालला होता. त्यावर विंडोजऐवजी असलेलं लिनक्स फार रखडायचं, म्हणून तिनं पडदा मांडणारा हलका प्रोग्रॅम, विंडो मॅनेजर, टाकला. वेग आला, पण आयकॉनची चित्रं जाऊन पडदा नुसता काळा राहिला. आमच्या ह्यांना वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. ती कॉलेजात असताना ह्यांनी तो सणसवाडीच्या दुरुस्तीवाल्याकडून सगळा पुसून, विंडोज घालून आणला.

"बघ दीक्षा, समदी चित्रं परत आली."

प्रोजेक्टही पुसला गेला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बरं झालं, आप्पा," ती म्हणाली.

दीक्षा त्या वर्षी नापास झाली. आता पुण्यात कॉम्प्युटर शिकवते. हे आता नाहीत. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे,



"पोरीच्या शिक्षणात माझाबी हात हाय."