ही बाजू वर

खोक्याच्या आतली फळी गुळगुळीत होती. भाच्याने दुसऱ्या खोक्यात हात घातला. तिथेही तेच. अरे, हातपंप परदेशी धाडायची खोकी ही! बाहेरून निळ्या शाईने ‘ही बाजू वर’ लिहून एक बाण काढला की झालं. आतून रंधा कुणासाठी मारायचा?

भाचा कारखान्याच्या निर्यात विभागाचा प्रमुख. खोकी बनवणारा सुतार म्हणजे त्याचा सख्खा मामा. लहानपणी मामानेच त्याला सांभाळलं, शिकवलं. त्याचं अभ्यासाचं पहिलं टेबलसुद्धा जुन्या फळ्या जोडून मामानेच केलेलं. पुढे भाच्याने मामाला इथे चिकटवलं, आणि आता सगळा कारखाना म्हाताऱ्याला मामाच म्हणायचा.

तीन वर्षं इथले पंप समुद्रापलीकडच्या एका गरीब देशात जात होते. दर वर्षी मागणी वाढतच होती. कारखान्याचा निम्मा माल तिकडेच. हे गिऱ्हाईक तुटलं तर निम्मे कामगार घरी बसणार. आणि प्रत्येक खेपेच्या कागदांवर सही भाच्याची. बंदरावर काही भलतंसलतं सापडलं तर बेड्या कुणाला पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तो डोळ्यांत तेल घालून पाहू लागला. खिळ्यांऐवजी स्क्रू. फळ्यांवर आतून पेन्सिलीने बारीक आकडे, एक ते अकरा. प्रत्येक खोक्यात दोन फळ्या जास्तीच्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. एक खोकं त्याने पार उसकटून पाहिलं. पंप, दांडा, पेंढा, बस्स. काहीच सापडलं नाही, आणि त्यामुळेच त्याचा संशय पक्का झाला.

मग मामाच्या हत्यारांच्या पेटीत परदेशी टपाल तिकीट लावलेलं पाकीट सापडलं. आतल्या कागदावर शब्द एकही नव्हता. एका खोक्याचं चित्र आणि शेजारी आकडा, चाळीस.

भाचा ते पाकीट घेऊन तडक मामासमोर उभा राहिला.

“मामा, हे काय आहे?”

मामाने रंधा बाजूला ठेवला. “माझी पेटी उघडलीस होय रे?”

“चाळीस कसले?”

“आजवर माल फुटला का कधी? एक तरी तक्रार आली?”

“विचारतोय त्याचं उत्तर द्या.”

मामाने इकडेतिकडे पाहिलं. “मालकांच्या कानावर घालू नकोस, बाबा. लगेच बंद पाडतील. मी काय फार करत नाही, उरलेल्या फळ्या...”

पुढचं भाच्याने ऐकलंच नाही. मालकांपासून लपवायचं, म्हणजे आणखी काय हवं? शिवाय तीनच दिवसांनी त्या देशाचा प्रतिनिधी नव्या करारासाठी येणार होता. बोभाटा नको, घराची अब्रू नको जायला, म्हणून त्याने मामापुढे राजीनाम्याचा कागद सरकवला. फार वाईट वाटलं त्याला. पण करणार काय?

मामाने सही केली. कानामागची पेन्सिल काढली, खिशात टाकली.

“जेवायला येत जा घरी,” एवढंच म्हणाला.

नवी खोकी बाहेरून आली. पातळ फळ्या, ठोकलेले खिळे, आत कुसळंच कुसळं. भाच्याला त्या रात्री शांत झोप लागली.

प्रतिनिधी उंचापुरा, हसतमुख गृहस्थ होता. तीन वर्षांच्या व्यवहारात आपली भाषा मोडकीतोडकी शिकलेला. भाच्याने पंपाचा नवा दांडा दाखवायला घेतला, पण गडी थांबलाच नाही. तडक खोक्यांकडे गेला, एकाच्या आत हात फिरवला. बोटात कुसळ घुसलं. त्याचं हसू मावळलं.

“जुनी खोकी कुठेत?”

“बंद केली,” भाचा जरा तोऱ्यातच म्हणाला. “त्या सुतारालाही काढलं. त्या खोक्यांत काहीतरी काळंबेरं चाललं होतं.”

प्रतिनिधीने खिशातून एक फोटो काढून समोर धरला. शाळेचा वर्ग, मागून टिपलेला. चाळीस मुलं ताठ बसलेली, आणि प्रत्येकाच्या बाकाच्या पाठीवर निळ्या शाईचा एक बाण.

“पंप आम्हाला शेजारच्या देशातही मिळतात,” तो म्हणाला. “तुमच्याकडून मागवत होतो ते या बाकांसाठी.”