आजगावकरांची जागा

"छातीत काही नाही, काका," डॉक्टरीणबाई चौथ्यांदा म्हणाल्या आणि गोळ्यांऐवजी त्यांनी कागदावर लिहिलं: रोज संध्याकाळी पाच वाजता, बागेतला ज्येष्ठांचा कट्टा.

हे काय औषध झालं? तरी गेलो, कारण घरात भिंतींशी बोलूनही कंटाळलो होतो. कट्ट्यावर सात म्हातारे बसले होते, मधली एक जागा रिकामी होती. मी तिथे टेकलो.

"उठा!" सगळे एकदम ओरडले. "ती आजगावकरांची जागा आहे."

मी झाडाखाली उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आजगावकर काही आले नाहीत आणि मला कुणी नावही विचारलं नाही. घरी जाऊन पडून राहावं, असं वाटायचं. मेलो तरी वास सुटेपर्यंत कळणार कुणाला?

नवव्या दिवशी एकाने हाक मारली. "या, बसा आता. काल आजगावकरांचं तेरावं झालं. आमच्यातला कुणी गेला, की तेरा दिवस त्याची जागा आम्ही कुणाला देत नाही."

मी बसलो आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडलो. मी गेल्यावरही तेरा दिवस ही जागा कुणीतरी अडवून धरणार होतं.