आडमुठं झाड

उपग्रहाच्या फोटोवरून फळबागांचे नकाशे करण्यात बाईंचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. पण पेरूच्या त्या एका बागेनं त्यांचं डोकं उठवलं. फोटो सकाळचा, सगळ्या झाडांच्या सावल्या पश्चिमेला, आणि एकाच झाडाची मात्र पूर्वेला, थेट सूर्याकडे.

"फोटोतच खोट असेल," साहेब म्हणाले. पुढच्या तिन्ही फोटोंत तेच.

शेवटी बाईंनी बागेच्या मालकिणीला फोन लावला.

"अगं बाई, तिथवर दिसतं का ते?" मालकीण ओशाळली. "सासऱ्यांनी लावलेलं झाड हो, त्यांच्यासारखंच आडमुठं. थांबा, चांगली खरडपट्टी काढते त्याची."

बाई पोट धरून हसल्या. पाच दिवसांनी नवा फोटो आला. सगळ्या सावल्या शहाण्यासारख्या पश्चिमेला होत्या.

तेवढ्यात मालकिणीचाच फोन. "सुधारलं ना? पण मॅडम, जाम भडकलं होतं. चहाडी कुणी केली, एवढंच धरून बसलं. मग काय, तुमचं नाव सांगून मोकळी झाले."

समोरच्या खिडकीतून ऊन येत होतं. बाईंनी हळूच मागे वळून पाहिलं. भिंतीवर त्यांची सावली नव्हती. ती टेबलावरून लांब होत खिडकीकडे निघाली होती.