सॅन फ्रान्सिस्को ते कोल्हापूर

"तीस तास लागतात, आबा," फोनवर राजवर्धन म्हणाला. "सॅन फ्रान्सिस्को ते दिल्लीच साडेबारा हजार किलोमीटर आहे. मग मुंबई, मग कोल्हापूर. एसटी नव्हे ती, हात केला की थांबायला."

हंबीरराव दवाखान्याच्या जिन्यात उभे होते. त्यांच्या बायकोचं, झुंबरबाईचं, शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन. एकदा पोराला डोळ्यांनी बघू दे, मग काय कापायचं ते कापा, एवढंच तिचं म्हणणं. आणि हा पठ्ठ्या इथं भूगोल शिकवत होता. तोही कुणाला, तर बत्तीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाला. कुठून किती वाजता निघालं की कुठं किती वाजता टेकतं, हे हंबीररावांना झोपेतनं उठवून विचारावं.

"आज सोमवार," ते म्हणाले. "उद्या निघालास तर गुरवारी आईच्या उशाशी बसतोस. माझं गणित चुकत असंल तर सांग."

"तुम्हाला नुसतं बोलायला काय जातंय? सोळा तास एका जागी बसायचं. डिसेंबरात दिल्लीत उतरलो तर पाय बुटात जाईनात."

"कुठल्या डिसेंबरात?"

पलीकडनं चाचरत उत्तर आलं. मेव्हण्याचं लग्न होतं दिल्लीत. चारच दिवस. कळवलं असतं तर आई हट्ट धरून बसली असती.

हंबीररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं आई वाट बघत बसली, आणि हा दिल्लीत येऊन वरातीत नाचून गेला. साडेबारा हजार किलोमीटर जमलं गड्याला. नडला तो पुढचा रस्ता.

"ठेव फोन," ते म्हणाले. "आन् परत अंतर सांगाय फोन करू नगंस. लाज वाटती मला तुजी."

वॉर्डात शिरताना त्यांनी ठरवलं, हिला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. काळीज आधीच दुखरं, त्यात हे कुठं सोसायचं. तोंडावरनं रुमाल फिरवून ते कॉटशी बसले.

"काय म्हणतोय?" झुंबरबाईनं विचारलं.

"येणार हुता गं. तिकीटच न्हाय. आन् लई लांब हाय त्ये. तीस तास. माणूस करणार काय?"

पोराची बाजू घेऊन ते बोलत होते आणि मनातनं त्याच्या मुस्काडात हाणत होते. झुंबरबाई त्यांच्या आवळलेल्या मुठीकडं बघत राहिली.

"दिल्लीचं मला कवाच ठावं हाय," ती म्हणाली. "सुनंनं मोबाईलवर फोटू टाकल्यालं. तुमी चिडशीला म्हणून गप बसले."

तिनं उशीखालचा फोन काढला, बोटानं पुसला आणि त्यांच्यापुढं धरला. फेटा बांधलेला राजवर्धन वरातीत हसत होता.

"वाळलाय वं," ती म्हणाली. "बघा की."