डोळा कोणी फोडला?

"वर्षभरात घरातल्या कोणाला कोणी मारलं का?" या प्रश्नाला बाविसाव्या घरातही "नाही जी" ऐकून मुकुंदचं डोकंच फिरलं. पोलिसांपर्यंत न गेलेली मारहाण मोजायला कॉलेजनं त्याला नागपूरहून पांढुर्ण्याला धाडलं होतं. आणि समोर खाटेवर बसलेल्या गुणवंताजींचा डावा डोळा कायमचा मिटलेला होता.

"मग हा डोळा?"

"तो यंदाच्या गोटमारीत गेला," चहाचा कप ठेवत त्यांची बायको प्रेमलता म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या इकडून आपले लोक अन् तिकडून सावरगाववाले एकमेकाले दगड मारतेत. त्याले काय मारहाण म्हनतेत, साहेब?"

सकाळपासून हेच ऐकून ऐकून मुकुंदचे कान किटले होते. त्यानं फॉर्म खाटेवर आपटला.

"अहो, डोळा गेला माणसाचा! दगड काय आपल्या पायानं चालत आला? फेकणारा कोणीतरी असेलच ना? नाव नका सांगू, 'अनोळखी माणूस' एवढं तरी लिहू द्या!"

"अनोळखी कसं लिहता?" प्रेमलता पुटपुटली, आणि तिनं घाईनं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

गुणवंताजी पुढे झुकले. "हळू बोला, साहेब. दिवाळीले हिले न्यायले सावरगावहून हिचा भाऊ आला हाय. आत जेवून राहिला. दगड त्याचा होता, हे त्याले अजून माहीत नाही."