टीलमनबाईंचा झाडू

तीन वाजले तसा फोल्कमार ड्रेसेनने डबल बास या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्यावर गज ओढला. लगेच खालून ठोके आले. धप्, धपधप्. खालच्या मजल्यावरच्या टीलमनबाईंचा लांब दांड्याचा झाडू त्यांच्या छताला लागला होता. हल्ली ठोके मऊ झाले होते. बाई थकल्या असतील.

“आजच्या दिवस कळ काढा,” तो जमिनीकडे बघून पुटपुटला. पाच वाजता गिऱ्हाईक येऊन बास नेणार होतं.

उभा जन्म त्याने जर्मनीतल्या याच वुपर्टाल शहरात मुक्त जॅझ वाजवला. ना ठरलेली चाल, ना ठरलेला ताल. एकाने काही वाजवायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. मंचावर चौघं आणि समोर तिघं, असंही कितीदा झालं. लोक म्हणायचे, हे वाजवतात की कपाटं सरकवतात? तेव्हा चौघं मिळून हसायचे. आता सॅक्सोफोनवाला गेला, ट्रॉम्बोनवाला गेला, ड्रमवाल्याला ऐकू येत नाही. उत्तर देणारं कुणी उरलं नाही. उत्तराशिवाय वाजवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि घर तर आधीच खायला उठलेलं. मग बास ठेवायचा कशाला?

निदान बाई तरी खूश होतील, म्हणून तो सांगायला खाली गेला. बाई म्हणजे इमारतीचा धाक. दुपारच्या शांततेच्या वेळात कुणी खिळा ठोकला, जिन्यात सायकल ठेवली, की घरमालकाकडे तक्रार गेलीच म्हणून समजा. त्याची कशी कधी गेली नाही, देव जाणे.

बाईंनी दार उघडलं. झाडू हातातच होता.

“सुटलात, बाई. बास विकतोय आज. उद्यापासून शांतता.”

बाईंचा चेहरा उतरला. ड्रेसेनची नजर दांड्याच्या टोकाकडे गेली. तिथे लोकरीचं जाड कापड गुंडाळून नीट शिवलं होतं, मोठ्या ड्रमच्या काठीला असतं तसं.

“हे कशाला बांधलंय?”

“नुसतं लाकूड कर्कश लागतं. तुमच्या जाड तारेशी जमत नाही.”

तो दारातच उभा राहिला. इतकी वर्षं तो एकटा वाजवत होता म्हणे.

“येणार कधी तो माणूस?” बाईंनी विचारलं.

“पाचला.”

“त्याला मी बघते. तुम्ही वर जा, ड्रेसेन. आपलं अर्धवट राहिलंय.”